फालतूचं सांगणाऱ्या मॅडम

मॅडम गेल्याचं कळलं तेव्हा मी ऑफिसात होते. शाळेच्या ग्रुपवर नितीनचा मेसेज होता, 'लांजेवार मॅडम गेल्या.' माझा चेहरा पाहून शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी काय झालं म्हणून विचारलं, आणि माझ्या तोंडून निघालं, "काही नाही." या दोन शब्दांचा मला जन्माचा राग आहे. लहानपणापासून मला कमी ऐकू येतं. चारचौघांत हशा पिकला आणि मी "काय झालं?" विचारलं, की हेच उत्तर मिळतं... काही नाही, मग सांगते. ते 'मग' कधी उजाडत नाही. त्या दिवशी तेच मी दुसऱ्याला ऐकवलं आणि फाइल उघडली.

शहरातल्या महाल भागातल्या शाळेत मी पाचवीत आले. चार मुलांसारखी साध्या शाळेत शिकावी म्हणून बाबांनी खापरखेड्याची वीजकेंद्राची वसाहत सोडून इथे खोली केली होती. माझ्या कानातल्या यंत्राला जोडलेला एक छोटा माइक होता. शिकवणाऱ्याने तो गळ्यात अडकवला, की त्याचा आवाज थेट माझ्या कानात. सगळे शिक्षक तो घालून धडा नीट शिकवायचे. पण माइक एकाच्याच गळ्यात असतो. वर्गातल्या बाकीच्या तोंडांचं काय? हे फक्त इतिहासाच्या लांजेवार मॅडमना सुचलं. कोणी काहीही बोललं, की त्या ते माइकमध्ये जसंच्या तसं पुन्हा बोलायच्या. उत्तर असो, तक्रार असो, नाहीतर त्यांची स्वतःची टिंगल. एकदा किल्ल्याच्या वेढ्याचा धडा चालू होता. मागे खसखस पिकली. मॅडम चेहऱ्यावरची रेघही न हलवता मला म्हणाल्या, "नितीन म्हणून राहिला, तोफेची काय गरज आहे, आपल्या मॅडमलेच बुरुजावर उभं करा." मी हसले, अर्थात सगळ्यांच्या नंतर, एकटीच. मग माझ्याकडे बघून वर्ग दुसऱ्यांदा हसला. पुढे आमच्या वर्गात प्रत्येक विनोदाला दोनदा हसायची पद्धतच पडली.

अभ्यासक्रम मागे पडतो म्हणून मुख्याध्यापक कुरकुरायचे. मलाही संकोच वाटे. एकदा मधल्या सुट्टीत मी विचारलं, "मॅडम, फालतूच्या गोष्टी काहून सांगता मले?"

त्या म्हणाल्या, "अभ्यासाचं तर तुले कोणीबी सांगन वं. फालतूचं कोण सांगणार?"

तेव्हा मला ते पटलं नव्हतं. पुढे कॉलेजात, नोकरीत लोकांनी कामाचं सगळं सांगितलं, लिहून दिलं, मेल केलं. लोक वाईट नाहीत. फालतूचं मात्र कोणी सांगितलं नाही. दुपारी डबा खायला आम्ही सगळ्याजणी एकत्र बसतो, आणि मी एकटी जेवते.

मॅडमना शेवटचं भेटले ते गेल्या दिवाळीत. धाप लागत होती, दोन शब्दांनंतर थांबावं लागत होतं. आतून काका, म्हणजे त्यांचे यजमान, काहीतरी ओरडले. मॅडमनी माझ्याकडे तोंड वळवलं. "काका म्हणून राहिले... चहा बिघडला तर... मॅडमले नावं ठेवू नको... मी केला." मी म्हटलं, राहू द्या मॅडम, दम लागतो तुम्हाला. त्यांनी हातानेच मला गप्प केलं, आणि काका पुढे जे बोलले तेही सांगितलं. चहात साखरच नव्हती.

तेरवीला गेले. जेवणं झाल्यावर आमच्या वर्गातली बरीच मंडळी काकांभोवती सतरंजीवर बसली होती. मॅडमच्या आठवणी निघत होत्या. ओठ वाचायचे तरी किती जणांचे? एकाकडे मान वळवावी तोवर दुसरा बोलून मोकळा. माइक माझ्या पर्समध्ये होता, पण काढून घालणार कोणाच्या गळ्यात? नितीन काहीतरी रंगवून सांगत होता. सगळे खदखदून हसले, काकासुद्धा डोळे पुसत हसले. मी नितीनच्या हाताला हात लावून विचारलं, काय रे? त्याने तोंड माझ्या कानाजवळ आणलं. "काही नाही वं, असंच... मॅडमचं." आणि तो परत त्यांच्यात वळला. मॅडमच्याच घरात मला इतकं एकटं वाटेल असं कधी वाटलं नव्हतं.

थोड्या वेळाने पुन्हा हशा पिकला. मीही हसले. सगळ्यांबरोबर, अगदी वेळेवर. कशाला हसले ते मला ठाऊक नाही, आणि माझ्याकडे वळून कोणी पाहिलंही नाही.