उसनी गोळी

मला बी.पी. आहे, बारा वर्षांपासून. रोज सकाळी एक गोळी, अळणी भाजी, आणि डोकं धरून बसले की नवऱ्याचा एकच प्रश्न, "गोळी घेतली काय?" संपलं. बी.पी.वाल्या माणसाला भेटायला कोणी येत नाही.

धाकट्या जावेचं सगळंच उजवं. रंग उजळ, हाताला चव, सासूची लाडकी. बाभुळगावच्या बाजारात दोघी गेलो, तर भाजीवालाही तिच्याच पिशवीत चार मिरच्या जास्त टाकायचा. मी जळायचे. कबूल करायला मला लाज नाही.

गेल्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत, भर दुपारी ती ओसरीवर छाती धरून बसली. दरदरून घाम, डावा हात जड.

"बाई, छातीवर कोनी बसल्यावानी वाटून राह्यलं."

माझ्या मनात पहिलं काय आलं? हिला आता माझं दुखणंही पाहिजे!

"बी.पी. वाढला असन," मी म्हटलं. "मले तर रोजच होते. मी कधी बोंबलली?"

आमच्या गल्लीत गोळ्या चहापत्तीसारख्या उसन्या चालतात. माझ्या पाकिटातली एक तिला दिली, आडवी हो म्हटलं आणि भांडी घासायला गेले. दीर शेतातून आला तोवर अर्धा तास गेला होता. तिचे पांढरे पडलेले ओठ पाहून त्याने शेजाऱ्याची गाडी काढायला लावली आणि आम्ही यवतमाळ गाठलं.

दवाखान्यात तिचा दाब फारच खाली गेलेला निघाला. गोळीचं कळल्यावर डॉक्टरीणबाई भडकल्या. "शेतात ठिबक आहे ना? पाण्याचा जोर रोज जास्त राहिला तर नळी हळूहळू खराब होते, वर्षानुवर्षं. ते बी.पी. हा अटॅक आहे, नळी आत्ता बंद पडली. बी.पी.च्या गोळीने ती उघडत नाही, दाब तेवढा पडतो. छातीत असं दुखलं की थेट दवाखाना! ही गोळी दिली कोणी?"

दीर माझ्याकडे बघायला लागला.

"मीच घेतली, मॅडम," खाटेवरून जाऊ म्हणाली. "बाई नाहीच म्हणत होत्या."

ती वाचली. मग राळेगावहून तिचं माहेर लोटलं, डाळिंबं आली, बिस्किटांचे पुडे आले. चहा करता करता माझं कंबरडं मोडलं. तिची एक मावशी मला म्हणाली, "तुमचं बरं हाय बाई, तुमाले नुसता बी.पी." तिच्या चहात मी साखर टाकलीच नाही.

घर रिकामं झालं तेव्हा मी जावेला विचारलं, "खोटं काहून बोलली वं तू?"

"घरच्यायनं तुमाले जगू देल्लं नसतं. अन् तुमी मुद्दाम थोडीच देल्ली? घाबरून गेलत्या तुमी."

मी घाबरले नव्हते. मी चिडले होते. हे तिला सांगायला तोंड उघडलं आणि तिची औषधं काढून दिली.

आता मी तिच्यावर पहिल्यापेक्षा जास्त जळते. रंग आणि हाताची चव देवाने दिलेली. पण त्या खाटेवर ती जे बोलली ते तिचं स्वतःचं होतं, आणि तिच्या जागी मी असते तर डॉक्टरीणबाईंना माझं बोट सरळ जावेकडे दिसलं असतं.