चार हजार चादरी

माझ्या मावशीच्या पायाला भिंगरी लागलेली आहे, असं घरातले सगळे म्हणत. ती तिच्या डोक्यातही फिरते, हे फक्त काकांना, म्हणजे तिच्या यजमानांना, माहीत होतं. बँकेत गेली की स्वतःचं काम आटोपल्यावरही ती तिथून हलायची नाही. तीन नंबरच्या खिडकीशीच गर्दी का, बाकीच्या दोन खिडक्यांतली माणसं नखं का बघत बसलीत, हे तिला सोसवत नसे.

एकविसाव्या वर्षी ती पावाच्या कारखान्यात पॅकिंगला लागली. तिथली भट्टी दिवसातून चार वेळा थांबायची आणि सगळे भट्टीवाल्याच्या नावाने खडे फोडायचे. मावशीने पाहिलं की भट्टीचं काही बिघडलेलंच नाही. पाव निववायच्या रॅक वेळेवर मोकळ्या होत नाहीत. तिने साहेबांना सांगितलं, "नवी भट्टी नको, रॅक रिकाम्या करायला दोन माणसं द्या." भट्टी थांबायची बंद झाली. काही वर्षांनी ती शिफ्टची प्रमुख झाली, सगळं सुरळीत चाललं आणि नेमकं तेव्हाच तिला करमेनासं झालं. मग ती बस डेपोत वेळापत्रकाच्या कामावर गेली. तिथलीही घडी बसली आणि ही उठली.

"अगं, घडी बसली की माणसाने पण जरा बसायचं असतं," काका म्हणाले. ते एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. आयुष्यभर तेच बाक, त्याच परीक्षानळ्या, आणि त्यांचं काही अडत नसे.

"तुम्ही बसा. मला उभ्यानेच बरं वाटतं."

तिसरी नोकरी एका मोठ्या हॉस्पिटलात मिळाली, तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती. तिथलं दुखणं विचित्र होतं. नोंदवहीत चार हजार चादरी, खाटा पाचशे, आणि तरी दहाच्या दहा वॉर्डांची रोज एकच ओरड: चादरी नाहीत. अधीक्षक साहेब म्हणाले, "बाई, आणखी दोन हजार मागवाव्यात का?"

"आधी आहेत त्या कुठे गेल्या ते बघते."

दोन दिवस ती दहाही वॉर्ड पालथे घालत हिंडली. चादरी सापडल्या. गाद्यांच्या खाली, बंद पडलेल्या न्हाणीघरात, रिकाम्या सिलिंडरांच्या मागे, एका सिस्टरच्या कपाटात तर छतापर्यंत. प्रत्येक वॉर्ड आपापला साठा दडवून बसला होता आणि शेजारच्या वॉर्डाला चोर म्हणत होता.

मावशीला वाटलं, आणि तिने सिस्टरांना तसं बोलूनही दाखवलं, हे तर पावासारखंच आहे. साठा केला की माल अडतो. तिने सगळ्या जादा चादरी गोळा करून तळमजल्यावरच्या एका खोलीत कुलपात ठेवल्या आणि ठरवलं, ज्या वॉर्डात जितक्या खाटा तितक्याच चादरी रोज मिळतील. तीन दिवस सगळं कसं छान चाललं. साहेबांनी वर अहवालही पाठवला.

चौथ्या दिवशी लॉन्ड्रीतलं वाळवायचं यंत्र बंद पडलं आणि कुलपाची किल्ली ज्याच्याकडे होती तो रजेवर होता.

दुपारी शस्त्रक्रियेच्या वॉर्डातल्या इन्चार्ज सिस्टर तिच्या टेबलापाशी आल्या. साठीला टेकलेल्या, जेमतेम मावशीच्या खांद्याएवढ्या उंचीच्या बाई. त्यांनी मावशीचं मनगट धरलं आणि तिला वॉर्डात नेलं. खिडकीजवळच्या खाटेवर आदल्या दिवशी ऑपरेशन झालेले एक म्हातारे आजोबा होते. त्यांची चादर बाजूला केली होती, कारण ती भिजली होती. ते नुसत्या रबराच्या कापडावर पडून थरथरत होते. अंगावर सिस्टरांचा स्वतःचा स्वेटर.

"दीड तास झाला," सिस्टर म्हणाल्या. "पाव उरला तर शिळा होतो, ठाऊक आहे मला. चादर उरली तर काय होतं, सांगा ना?"

मावशी तळमजल्यावर धावली. तिने कुलूप फोडायला लावलं आणि पहिली चादर स्वतः घेऊन आली. आजोबांनी तिला "पोरी, देव भलं करो" म्हटलं. तो आशीर्वाद तिला शिवीसारखा लागला, असं तिने मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

त्या आठवड्यात घरात तिने मसाल्याचे डबे तीनदा लावले. काकांचे चष्मे कुठे गेले ते काकांनाच कळेना. "माझंही वेळापत्रक लावलंयस का?" त्यांनी विचारलं. ती हसली नाही.

ती साहेबांकडे गेली. "योजना चुकली. चूक माझी आहे."

"एक दिवस मशीन बिघडलं, त्यात योजनेचा काय दोष? आकडे उत्तम आहेत."

"आकडे उंटावरून मोजलेत साहेब. मला आठ दिवस वॉर्डात काम करू द्या."

साहेबांना ते अजिबात आवडलं नाही, पण त्यांनी हो म्हटलं. मावशी आयांबरोबर खाटा लावू लागली. पहिल्याच सकाळी सगळा उलगडा झाला. वॉर्डात खाटा बदलतात पहाटे साडेपाचला, डॉक्टरांच्या फेरीआधी. लॉन्ड्रीची गाडी येते अकराला, कारण लॉन्ड्री उघडतेच आठला. मधले साडेपाच तास वॉर्डाने करायचं काय? दडवायचं. वीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं आणि वीस वर्षं त्यांना कुणी हे विचारलं नव्हतं.

ती तडक लॉन्ड्रीत गेली. मुकादम साबणाच्या पिंपावर बसून चहा पीत होता.

"मुकादम, उद्यापासून तुमचं काम पहाटे चारला सुरू करावं लागेल."

"आमच्या बायका पहाटे चारला कशा येणार? तुमच्या डेपोची बस आहे का त्या वेळेला?"

नव्हती. ते वेळापत्रक तिनेच लावलं होतं.

मुकादमाने कप खाली ठेवला. "बाई, पहाटे धुवायचंच कशाला? आज संध्याकाळी धुतलेलं गाड्यांवर रचून ठेवू. पहाटे नुसतं ढकलायचं. त्याला दोन माणसं पुरतात, आणि आमच्यातली दोघं इथं मागेच राहतात."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

पुढच्या सोमवारपासून पावणेपाचला गाड्या वॉर्डांत पोचू लागल्या. शिवाय मावशीने प्रत्येक वॉर्डाला दोन दिवसांचा जादा साठा दिला आणि त्याची किल्ली सिस्टरांच्याच हातात ठेवली. साहेब वैतागले, वर पाठवलेल्या अहवालाच्या बरोबर उलटं होतं ते. पण महिना-दीड महिन्यात न्हाणीघरातून, सिलिंडरांमागून चादरी आपणहून बाहेर यायला लागल्या. सगळ्याच नाही. दोन वॉर्डांनी शेवटपर्यंत दडवल्या. त्यातला एक त्या इन्चार्ज सिस्टरांचाच होता, आणि मावशीने तिथल्या कपाटाकडे बघायचं सोडून दिलं.

सहा वर्षं ती तिथे राहिली. कुठल्याही नोकरीत नाही इतकी शांत, पण शांत म्हणजे तिच्या मानाने. मग एका सकाळी तिने राजीनामा दिला. साहेबांनी कारण विचारलं, तर तिला सांगता आलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "कारण असतं तर मी थांबले असते गं. कारणाचं काहीतरी करता येतं."

अकरा दिवस ती घरी होती. बाराव्या दिवशी काकांनी वर्तमानपत्रातली एक जाहिरात कापून तिच्या ताटाशेजारी ठेवली. एका छापखान्याला पुस्तकबांधणी विभागासाठी व्यवस्थापक हवा होता.

"मला पुस्तकांतलं काय कळतं?" ती म्हणाली.

"काहीच नाही," काका म्हणाले, "पण जेवून घे आधी."

ती अर्धं जेवण टाकून उठली आणि चपला शोधू लागली.