नळीचा फाटा आणि आईचं तूप

बाबा गेले तेव्हा आम्ही भोपाळला कारखान्याच्या टाउनशिपमध्ये राहायचो. हार्ट अटॅक, वय त्रेपन्न. तेराव्याला नागपूरहून आलेली आत्या भर पंगतीत म्हणाली, "वहिनींनी तूप ओतून ओतून माझ्या भावाला घालवलं." आई वाढत होती, ती जागीच थांबली. आणि मी, बावीस वर्षांची अतिशहाणी, काय बोलावं? "मी सांगायचे आईला, पण ती ऐकेल तर शपथ!"

त्या पंगतीत बाबांच्या खात्यातली माणसं बसली होती, पाइपलाइनवर जन्म घालवलेली. नळी जिथे वळते, जिथे तिला फाटा फुटतो, तिथे प्रवाह मंदावतो आणि गाळ आधी तिथेच बसतो, हे त्यांनी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. पण रक्ताच्या नळीचंही तसंच असेल, असा एकाच्या तोंडून शब्द फुटेल तर! उलट "भाभीजी, परहेज़ कराना था" असा उपदेश करून गेले. डोंबलाचं पथ्य! बाबा याच लोकांबरोबर कँटीनमध्ये रोज कचोऱ्या हाणायचे, ते बरं कुणाला आठवलं नाही.

त्यानंतर आईने घरात तूप कढवलंच नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "नको बाई, माझा हात वाईट आहे." मला तिचाच राग यायचा. काय म्हणावं मला!

गेल्या वर्षी माझ्या छातीत दुखलं. वजन आटोक्यात, रोजचं चालणं, तुपाचं तर नावच नाही. तरी अँजिओग्राफीत अडथळा निघाला. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं: माझ्या हृदयाच्या धमनीचा फाटा फारच रुंद फाकलेला आहे, तिथे बाहेरच्या भिंतीशी रक्त रेंगाळतं आणि चरबीचा थर तिथेच धरतो. "खाण्याचा वाटा असतोच," ते म्हणाले, "पण ही ठेवण जन्माची. वडिलांचीही अशीच असू शकेल."

असू शकेल, म्हणे! आईची इतकी वर्षं कुणी भरून द्यायची?

दवाखान्यातून सुटून भोपाळमधल्याच कोलार रोडच्या घरी आले ती थेट आईपुढे बसले. ती मेथी निवडत होती. फाटा, भिंत, थर, सगळं समजावलं आणि म्हटलं, "आई, तुझं काही चुकलं नव्हतं गं."

"झालीस सांगून मोकळी?" ती म्हणाली. तिने मान वर केली नाही. "तुझ्या आत्याचं मी मनावर घेतलंच नव्हतं. तू बोललीस, म्हणून मला ते खरं वाटलं."