लाल थेंबाखालचा स्क्रू

माझ्या धाकट्या भावाला सगळे व्हॉल्वमास्तर म्हणतात. गिटारचे जुने, काचेच्या व्हॉल्वचे अ‍ॅम्प्लिफायर तो दुरुस्त करतो. गिऱ्हाईक नवे व्हॉल्व स्वतःच खुपसून आलं, की याचं डोकं फिरलंच म्हणून समजा. "अहो, हा काय घरातला बल्ब आहे, काढला अन् लावला? आत स्क्रू असतो. नव्या व्हॉल्वला किती करंट द्यायचा, ते त्यानं जुळवायचं असतं. नाहीतर व्हॉल्व तापून लाल होतो, मरतो, अन् जाताना ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातो!" एवढी बोलणी खाऊनही माणसं त्याच्याकडेच येतात.

आणि घरी हाच माणूस काय करायचा? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

त्याचा एकुलता एक मुलगा, माझा भाचा, गिटार वाजवायचा. बापाशी भांडून त्यानं आपल्या अ‍ॅम्पचा स्क्रू स्वतःच पिळला, नको तेवढा पुढे. "बाबा, मला असाच आवाज पाहिजे." जुळवलेला स्क्रू हलू नये म्हणून कारागीर त्यावर रंगाचा थेंब टाकतात. यानं आईचं लाल नेलपॉलिश टाकलं. केवढी ओरडली होती ती! पुढे साधा ताप म्हणता म्हणता पोरगं गेलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी भाऊ तो अ‍ॅम्प चालू करून समोर बसायचा. गिटार जोडलेली नसायची. व्हॉल्व तापले की त्या पुढे पिळलेल्या स्क्रूमुळे आतून घुमायला लागायचं, खोल, जरा थरथरतं. माझ्या तर अंगावर काटा यायचा. कुणीतरी तारांवर बोटं टेकवलीत, आता वाजवणार, असं वाटत राहायचं आणि कुणी वाजवायचंच नाही. व्हॉल्व जळले की भाऊ तसलेच दुसरे लावायचा, स्क्रूला हात न लावता. भावजय स्वयंपाकघरातून करवादायची, "बंद करा ती कटकट! गेलेल्याला तरी झोपू द्या."

एक दिवस तसले व्हॉल्व मिळेनासे झाले. मिळाले ते दुसऱ्या कंपनीचे, नाजूक. लावून चालू केल्यावर थोड्याच वेळात काचेतला पत्रा लाल व्हायला लागला. भावानं झटकन बटण बंद केलं.

"ताई, स्क्रू मागे घेतला नाही तर सगळंच जळेल."

"मग घे की! तुझंच काम आहे ना ते?"

"त्याचा हात आहे गं तिथे."

माझा संताप झाला. "म्हणून त्याचा अ‍ॅम्प जाळणार आहेस? बाप आहेस की कोण आहेस?" बोलले खरी, आणि मलाच रडू फुटलं.

मग त्यानं पात्याच्या टोकानं तो थेंब खरवडला. स्क्रू पार मागे नेला, अ‍ॅम्प चालू केला आणि मीटरवर नजर ठेवून अगदी हळूहळू पुढे आणला. काम चोख झालं. व्हॉल्व असावेत तसे मंद उजळले. घुमणं थांबलं. भाऊ स्पीकरच्या कापडाला कान लावून बसला आणि मला त्याच्याकडे बघवेना.

भावजय ओल्या हातांनीच धावत आली.

"बंद का केलात?"

"चालूच आहे."

तिनं अ‍ॅम्पवर तळहात ठेवला. तो गरम होता.

"मग तो कुठे गेला?"