पहिल्या नंबरचं कॉलेज आणि चाळीस कलमं

माझ्या लाडक्या नातवंडांनो,

परवा तुम्ही विद्यापीठांची क्रमवारी पाठवलीत आणि विचारलंत, "आजी, एवढे मार्क असून आईनं पहिल्या नंबरचं कॉलेज का सोडलं?" ती स्वतः सांगायची नाही. तुमचे अर्ज जायच्या आत मीच लिहिते.

दोन हजार साली तिची बारावी झाली. एका इंग्रजी साप्ताहिकात इंजिनिअरिंग कॉलेजांची क्रमवारी आली होती. मी शाळेत इंग्रजी शिकवायची, त्यामुळे छापील इंग्रजीवर माझा फार विश्वास. पहिला नंबर पुण्याच्या एका खाजगी कॉलेजचा होता आणि तिला तिथे जागा मिळत होती. मी त्या नावाखाली लाल रेघ मारली.

फी ऐकून तुमचे आजोबा म्हणाले, "आंब्याची बाग पाच वर्षांच्या कराराने देऊ. व्यापारी पैसे आगाऊ देईल."

करार म्हणजे काय, हे आम्हा रत्नागिरीकरांना सांगावं लागत नाही. व्यापारी आंब्याच्या मुळाशी औषध ओततो. झाडं विसावा न घेता दरवर्षी मोहोरतात आणि करार संपेपर्यंत खंगतात. आजोबांनी बागेतली आंब्याची चाळीस कलमं कातळ फोडून, खड्ड्यांत बाहेरची माती भरून लावली होती.

तुमच्या आईने साप्ताहिक ओढून घेतलं. "आई, यात मार्क कशाकशाला दिलेत?"

"इमारती, ग्रंथालय, नावलौकिक, नोकऱ्या."

"आणि फी?"

मी बारीक अक्षरंसुद्धा वाचली. फीचा रकानाच नव्हता.

"म्हणजे महागाईचा एकही मार्क कापला नाही! तू तर साध्या स्पेलिंगचा कापतेस."

आजोबा हसले. "मास्तरीणबाई, पेपर परत तपासा."

मला राग आला. "एकोणिसाव्या नंबरच्या सरकारी कॉलेजात जाणार तू? लोकांना काय सांगू?"

"सांग, बाबांची बाग बाबांकडेच आहे."

ती घाटावरच्या त्या सरकारी कॉलेजात गेली. स्टँडवर एस.टी. हलली तेव्हा खिडकीतून हात हलवता हलवता तिला रडू फुटलं. पुणं तिलाही हवं होतं, हे मला तेव्हा कळलं. आजोबांना मी ते कधी सांगितलं नाही.

तिचं शिक्षण तिथेच पुरं झालं. बाग कराराने गेली नाही. वादळांत सात कलमं पडली. तेहेतीस उभी आहेत. एक वर्ष फळतात, एक वर्ष थांबतात.