ओपॉसमचं पिल्लू आणि मॉसचं बोंड

एस.टी. सुरू झाली तेव्हा बा खिडकीला धरून चालत होता. "मांगं पाहू नोको," तो म्हणाला. "नोकरी लागली का आमाले घेऊन जाय." आम्ही बौद्ध झालो त्या वर्षापासून अकोल्याजवळच्या आमच्या गावाने माय-बाची शेतमजुरी बंद केली होती. कपाशी वेचायला परगावची माणसं आणायचे, पण आमच्या वस्तीत हाक द्यायला कोणी यायचं नाही. गावातल्या लोकांनो, हे वाचाल तेव्हा ते विसरू नका. मी विसरलेलो नाही.

अमरावतीत बी.एस्सी. झालो आणि कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटरची, म्हणजे प्रयोगशाळेत प्रयोग मांडून देणाऱ्याची, एक जागा निघाली. मुलाखतीला तीन प्राध्यापक होते. एक जण माझ्या अर्जातल्या आडनावाशी थांबला आणि हसून म्हणाला, "ओपॉसम आणि फ्युनेरिया यांची तुलना करा. घरच्या भाषेत करा, तेवढीच आमची करमणूक."

एक पोटाच्या पिशवीत पिल्लू वाढवणारा लहानसा प्राणी, दुसरं ओल्या भिंतीवरचं मॉस. असा प्रश्न कुठल्याच पुस्तकात नव्हता. डोळ्यांसमोर नोकरी नव्हती, माय-बा होते.

"सर, ओपॉसमचं पिल्लू कच्चंच जन्मते. मायच्या पिशवीत थानाले चिकटून रायते. मॉसचं बीजाणूचं बोंडबी तसंच, मायच्या डोक्यावर उभं राहून तिचंच खाते."

"आणि फरक?"

"पिल्लू मोठं झालं का उतरते. बोंड तिथंच सुकते."

"वा! रानातलं बरंच माहीत आहे की!" दुसराही हसला. तिसरे वयस्कर सर मात्र म्हणाले, "उत्तर बरोबर आहे. गुण लिहा." त्यांचे उपकार मी जन्मभर मानीन. त्या पहिल्या प्राध्यापकाच्या वर्गासाठी मी आजही स्लाइडी लावतो, नमस्कार करतो. त्याला माफ केलेलं नाही.

नोकरी लागली त्या पहिल्या महिन्यातच माय-बाला घेऊन आलो. नळ, स्टोव्ह, एक खोली.

पुढच्या हंगामात कॉलेजच्या पत्त्यावर गावाचं पत्र आलं. कपाशी फुटली आहे, माणसं मिळत नाहीत, झालं गेलं सोडा, या. मी ते दोनदा वाचून दाखवलं.

"लिही," बा म्हणाला, "आमी बरे आहो."

"आनखी?"

"बस. आन घराचा पत्ता टाकू नोको."

भाड्याच्या खोलीला तो पहिल्यांदाच घर म्हणाला. पत्त्याची जागा मी कोरी ठेवली.