माहेरी गेलेली बायको

दुकानात तिला सगळे टाचणी म्हणत. बारीक होती म्हणून नव्हे. तशी ती चांगली भरलेल्या अंगाची होती. पण सकाळी कामाला बसली की ओठांत चार-दोन टाचण्या धरायची, त्या जेवायला उठतानाच काढायची. तोंडात टाचण्या असल्या की बोलावं लागत नाही, हा त्यातला खरा फायदा.

दुकान कपडे दुरुस्तीचं. नवं काही शिवायचं नाही. लोक लठ्ठ होत, वाळत, थोरल्याची पँट धाकट्याला येई, आणि ते सगळं टाचणीच्या मशीनखालून जाई. उसवायचं, आत घ्यायचं, बाहेर सोडायचं, खालून हातशिलाई घालायची. पुढे रस्त्यावर उघडणारी काचेची खिडकी, मागे पडदा लावून केलेली कपडे घालून बघायची जागा आणि मधे कापायचं लांब टेबल. त्या टेबलापाशी खडू आणि कात्री घेऊन कटर मास्तर उभे असत.

घरी तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. उंच इमारतींच्या पोटातल्या अंधारात लोखंडी दोरांना ग्रीस लावण्यात त्याची निम्मी हयात गेली, पण तिथे त्याला कधी खरचटलंसुद्धा नाही. एक दिवस दुपारी जेवायला बसला, डबा उघडला, ‘डोकं दुखतंय’ म्हणाला आणि आडवा झाला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. उजवी बाजू गेली ती गेलीच. जीभ काही महिन्यांनी परत आली. बायको मात्र त्याला परत मिळाली नाही.

म्हणजे बायको त्याच्या उशाशीच बसलेली होती. पण त्याला ती दिसत नव्हती. शाळा आठवे, आई आठवे, कुठल्या इमारतीची लिफ्ट कशी कुरकुरते तेही आठवे. आपलं लग्न झालंय हेसुद्धा आठवे. फक्त समोर बसलेली ही बाई ती नव्हे, एवढं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, आशा ठेवा. ज्या सुरात म्हणाले, त्यावरूनच तिला काय ते समजलं.

‘‘बाई, आमची ही कुठे गेली हो?’’ तो विचारी.

‘‘अहो, मीच ती.’’

यावर तो ओशाळं हसे. ‘‘तुम्ही नका थट्टा करू. माहेरी गेलीय ती. रुसली असेल. रुसूबाईच आहे.’’

सुरुवातीला ती लग्नातला फोटो पुढे धरायची. फोटोतल्या मुलीला तो झटकन ओळखी. ‘‘हीच! तुम्ही कशा ओळखता हिला?’’ फोटो बघून झाला की पुन्हा दाराकडे डोळे लावून बसे. शेवटी तिनं फोटो कपाटात ठेवला आणि बाई होणं पत्करलं.

पंचाईत अशी की बाईशी तो फार चांगला वागे. नवरा म्हणून तो वाईट नव्हता. मारलं नाही, प्यायला नाही, चर्चमधली रविवारची उपासना चुकवली नाही. पण संसाराच्या एवढ्या वर्षांत कौतुकाचा शब्द त्याच्या तोंडून कधी फुटला नव्हता. चहा चांगला झाला तर गप्प, बिघडला तर मात्र सांगायचा. आता पाण्याचा पेला हातात दिला तरी ‘आभारी आहे हं बाई’ म्हणे. तिच्या हाताला सुई टोचलेली दिसली तर ‘जपा स्वतःला’ म्हणे. या बाईचा तिला हेवा वाटू लागला. एकदा ती त्याची पाठ पुसत होती, तेव्हा तो हळूच म्हणाला, ‘‘तुम्हाला म्हणून सांगतो. माझं तिच्याशी कधी फारसं जमलं नाही. तुमच्यासारखी असती तर गोष्ट वेगळी होती.’’

तिनं पाठ पुसून पूर्ण केली. मग टॉवेल घेऊन न्हाणीघरात गेली आणि नळ मोठा सोडून बराच वेळ तो टॉवेल धूत बसली.

त्यांना मूल नव्हतं. धाकटी नणंद आठवड्यातून दोनदा येई, तेवढाच आधार. दिवसा शेजारची म्हातारी लक्ष ठेवी. बाकी सगळं टाचणीवर. पहाटे उठून त्याचं अंग पुसायचं, चादर बदलायची, भरवायचं, कामावर जायचं, आल्यावर तेच उलट्या क्रमानं. आणि गुडघे टेकून प्रार्थना. लहानपणापासून ती प्रभूशी आपल्या माणसाशी बोलावं तसं बोलत आली होती. आधी म्हणे, ‘त्याला मला ओळखू दे.’ मग म्हणू लागली, ‘निदान तो माझ्याविषयी बोलायचा थांबू दे.’ पुढे पुढे काय मागावं तेच सुचेना. नुसतीच गुडघ्यांवर बसून राही. पलीकडून काही येत नसे. पूर्वी येत असे का, हेही तिला आता खात्रीनं सांगता आलं नसतं.

मास्तरांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. माणूस मितभाषी, पण डोळस. टाचणी सुईत दोरा ओवताना डोळे बारीक करते हे त्यांनी पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी तिचं मशीन खिडकीशी सरकवून दिलं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की चहा करत. तिच्या कपात साखर कमी. तिनं सांगितलं नव्हतं. तळाचा गोड घोट ती कपातच ठेवते हे पाहून त्यांनी ताडलं होतं. हळूहळू चहाच्या वेळी तोंडातल्या टाचण्या निघू लागल्या. ती बोलू लागली, मास्तर ऐकू लागले. एकदा तिनं नवऱ्याचं आणि त्या माहेरी गेलेल्या बायकोचं सांगितलं आणि सांगता सांगता स्वतःच हसत सुटली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मास्तर हसले नाहीत. त्यांनी तिच्यापुढे कापडाची एक स्वच्छ चिंधी सरकवली.

लहानपणी तिला शिकवलं होतं की सैतान शिंगं घेऊन येतो. हा चष्मा घालून आला होता आणि चहात साखर कमी घालत होता. आणि तिच्या पक्कं ध्यानात आलं होतं की हा सैतान नाहीच. चांगला माणूस आहे. हेच तर अवघड होतं.

एका दुपारी टेबलावरची कात्री उगाच इकडून तिकडे करत मास्तर म्हणाले, ‘‘मी जातोय इथून. समुद्राकाठच्या गावी स्वतःचं दुकान टाकतोय. लहानसंच. वर राहायची खोली.’’

‘‘बरं झालं,’’ ती म्हणाली.

‘‘तुम्ही याल का? कामाला नव्हे.’’ ते थांबले. ‘‘घाई नाही. कायद्यानं मोकळ्या व्हा, मग लग्न करू. त्यांना वाऱ्यावर सोडायचं नाही. तिथे आजाऱ्यांना सांभाळणारी एक चांगली संस्था आहे, मी जाऊन पाहून आलोय. स्वच्छ आहे. दर रविवारी भेटायला जाऊ. दोघं जाऊ.’’

तिनं टाचण्या उचलून तोंडात धरल्या.

घरी नणंदेशी बोलली तेव्हा वाटलं होतं, ती आकाशपाताळ एक करील. नणंद चादरीची घडी घालत होती. घडी पूर्ण करून म्हणाली, ‘‘वहिनी, जा तू. दादा माझा आहे, मी सांगतेय. तुला कोणी नावं ठेवली तर माझ्याशी गाठ आहे.’’

मग ती चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेली. ते वयानं लहान, पण मंडळीतल्या दुःखांनी अकाली पिकलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला. ‘‘ताई, मी तुम्हाला जा म्हणू शकत नाही,’’ ते म्हणाले, ‘‘आणि थांबा म्हणायला जीभ वळत नाही. प्रार्थना करतो.’’ आणि खरोखरच केली. ती डोळे मिटून बसली होती, आणि तिला वाटत होतं, कोणीतरी आडवं यावं. ओरडावं, दारात उभं राहावं. कोणीच अडवत नाही, म्हणजे अडवायचं काम आपल्यालाच करावं लागणार.

एका रविवारी तिनं उपासना चुकवली. आयुष्यात पहिल्यांदाच. नणंदेला घरी बसवून ती मास्तरांबरोबर बसनं ते दुकान बघायला गेली.

खाली दुकान, वर खोली. खोलीला दोन्ही बाजूंना खिडक्या होत्या आणि वारा आरपार वाहत होता. तिच्या घरात औषधांचा आणि ओल्या चादरींचा वास कायम भरलेला असे. इथे चुन्याचा ताजा वास होता. खाली खिडकीशी दोन मशिनी शेजारी शेजारी मांडल्या होत्या. एक मास्तरांची जुनी, एक नवी. नवीला तेल घालून ठेवलं होतं, दोऱ्याची बॉबिन भरून ठेवली होती. शेजारी लहान उशी, टाचण्या खोचायला.

‘‘बसून बघा,’’ मास्तर म्हणाले.

ती बसली. कापडाचा तुकडा घेतला, पायानं पायडल दाबलं. मशीन लोण्यासारखं चाललं. तिनं एक सरळ शिवण घातली. मास्तर जिन्यापाशी उभे होते, जवळ आले नाहीत. रस्त्यावरून कोणी हाका मारत गेलं. तिच्या डोळ्यांसमोर सगळा जन्म उभा राहिला: इथला, या खुर्चीवरचा. संध्याकाळी दुकान बंद करून वर जायचं. कोणीतरी आपल्याला ओळखतंय अशा घरात जेवायचं. तिला ते इतकं हवं होतं की शिवण वाकडी गेली.

तिनं दोरा तोडला. ‘‘मशीन छान आहे,’’ ती म्हणाली. ‘‘मी नाही येऊ शकत.’’

मास्तर पायरीवर बसले. ‘‘लोकांसाठी?’’

‘‘लोकांना काय, दोन दिवस बोलतील. मी लग्नात शब्द दिलाय. दुखण्यात सोडणार नाही म्हणून.’’

‘‘पण त्यांना तर आठवतसुद्धा नाही.’’

‘‘त्यांना नव्हे हो,’’ ती म्हणाली. ‘‘शब्द देवासमोर दिलाय.’’

मास्तर उठले आणि वरच्या खिडक्या लावायला गेले. त्यांनी भांडायला हवं होतं असं तिला पुढे कित्येकदा वाटलं. परतीच्या बसमध्ये दोघं एकाच बाकावर बसले. मधे तिची पिशवी होती.

महिनाअखेर मास्तर गेले. त्यांच्या जागी आलेला कटर तरुण होता, दिवसभर गाणी लावी आणि टाचणीला ‘आंटी’ म्हणे. चहा बाहेरून येऊ लागला, गोड मिट्ट.

तिला वाटलं होतं, योग्य ते केलं की मनाला काहीतरी लाभेल. शांती म्हणा, बळ म्हणा. पुलपिटावरच्या उपदेशात तर तसंच सांगत आले होते. ती वाट बघत राहिली. काही आलं नाही. उलट आता नवऱ्याला भरवताना कधी कधी तिचा हात जड पडू लागला, चमचा दातांवर आपटू लागला, आणि तो बिचारा ‘माझंच चुकलं बाई’ म्हणू लागला. मग ती स्वतःच्याच नजरेतून उतरे.

एकदा चर्चमध्ये साक्षीचा दिवस होता. कोणाची नोकरी टिकली, कोणाचं मूल बरं झालं, एकेक जण उठून सांगत होता. पुढच्या बाकावरच्या वडीलधाऱ्या बाईंनी वळून हिला कोपरानं ढोसलं. ‘‘ऊठ ना गं. प्रभूनं तुला केवढी शक्ती दिलीय, सांग सगळ्यांना.’’

ती उठली. सगळी मंडळी कौतुकानं बघत होती. तिनं तोंड उघडलं आणि खोटं बोलता येईना.

‘‘मी फार थकलेय,’’ ती म्हणाली आणि खाली बसली.

‘‘आमेन,’’ मंडळी सवयीनं म्हणाली.

नवरा पुढे बरीच वर्षं जगला. शेवटी शेवटी गिळणं बंद झालं, श्वास खरखरू लागला. भर दुपारची वेळ होती, नणंद औषध आणायला गेली होती. त्यानं डाव्या हातानं तिचं मनगट धरलं.

‘‘बाई, तिला कळवलंत?’’

तिला खोटं बोलायची सवय नव्हती. त्या माणसासाठी तिनं सारा जन्म खऱ्याला धरून काढला होता. ती म्हणाली, ‘‘हो. निघालीय ती.’’

‘‘रुसवा गेला का?’’

‘‘गेला.’’

तो बरं म्हणाला, आणि मान दाराकडे वळवून पडून राहिला. नणंद परत आली तेव्हा मान तशीच होती, पण श्वास नव्हता.

पुरून आल्यावर घर एकदम मोठं झालं. पहाटे तिला जाग येई आणि उठून करायचं काहीच नसे. कुठूनसं कळलं की मास्तरांनी त्याच गावातल्या एका शिक्षिकेशी लग्न केलंय, दुकान झकास चाललंय. बरं झालं, असं ती मनापासून म्हणाली. त्यानंतर तापानं पडली.

पाळकसाहेब भेटायला आले. आता त्यांचेही केस पांढरे झाले होते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी भीत भीत विचारलं, ‘‘ताई, मनात काही सल तर नाही ना?’’

ती उशीला टेकून बसली होती. ‘‘तेव्हा केलं ते पुन्हा वेळ आली तरी करीन,’’ ती म्हणाली. ‘‘पण त्यातून मला काही मिळालं नाही, साहेब. इथे एवढं तरी वाटावं,’’ तिनं छातीवर हात ठेवला, ‘‘की देवानं पाहिलं. तेही वाटत नाही. अशा माणसाचा विश्वास तिकडे वर हिशेबात धरतात का?’’

पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, ‘‘धरत असतील.’’

‘‘तुम्हाला ठाऊक नाही.’’

‘‘नाही.’’

त्यांनी पाणी मागितलं. तिनं उठून दिलं, कारण दुसरं कोणी नव्हतं. ते गेल्यावर तिनं पेला विसळून पालथा घातला. रविवारी चर्चला गेली, मागच्या बाकावर बसली, गाण्याला उभी राहिली, पण तोंड उघडलं नाही. आणि सोमवारी कामावर हजर झाली. एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या बाह्या लांब होत होत्या. त्या तिनं उसवायला घेतल्या.